आज्याची साक्ष कोण लिहिणार?

दरवर्षी ९ ऑगस्टला आपल्या महाविद्यालयात आदिवासी दिन साजरा होतो. ढोल वाजतात, मोरपिसांचे तुरे लावून मुले नाचतात, पाहुण्यांचे भाषण होते. गेल्या वर्षी मीही नाचलो. पण तुरा उतरवताना मनात आले, ज्या जंगलाची गाणी आम्ही स्टेजवर म्हणतो, त्या जंगलात आमच्या बापाच्या नावावर काय आहे?

माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. काही नाही. आमची तीन एकर जमीन आधी आजा कसत होता, आता बाबा कसतात. मी सहावीत असताना बाबांनी वनहक्काचा दावा केला. ‘पुरावा नाही’ म्हणून तो नामंजूर झाला. तेही दारातच तोंडी सांगितले; हाती कागद मिळाला नाही. बाबा अंगठेबहाद्दर. नशिबाला बोल लावून ते मुकाट्याने घरी आले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इथे आल्यावर २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे नियम मी स्वतः वाचले. दावा फेटाळला तर तसे दावेदाराला कळवावे लागते. त्याला ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पुरावा म्हणजे केवळ सरकारी कागद नव्हे. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा याही पुराव्यात धरतात. इतकेच काय, दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, पण लिहून घेतलेले निवेदनसुद्धा पुराव्यांपैकी एक आहे! म्हणजे माझ्या आज्याचा शब्द कायद्याला चालत होता. तो कोणी लिहून घेतला नाही, एवढेच. मागच्या पावसाळ्यात आजा वारला. त्याची साक्षही त्याच्याबरोबर गेली.

‘नामंजूर’ हा शब्द साधा नाही. दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून बाहेर काढावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस किती घरांत झोप लागली नसेल!

यात शासनाचा दोष आहेच. पण दोष देऊन आपण मोकळे होऊ शकतो का? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने काय केले ते पाहा. गावकरी अभ्यासगटात बसून कायदा समजून घेत, ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने निर्णय करीत. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्याचा अधिकार हाती येण्यासाठी झगडावे लागले. २७ एप्रिल २०११ रोजी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. हक्क कागदावर होता, तो गावाने एकत्र बसून जमिनीवर आणला.

आणि आम्ही शिकलेली पोरे? नोकरीचा फॉर्म भरायला आम्हाला वेळ आहे, गावच्या म्हाताऱ्याजवळ तासभर बसायला नाही. काही जण तर अर्ज लिहून देण्याचेही पैसे घेतात. हातात लेखणी आली की आपणच साहेब झालो असे आम्हाला वाटू लागते.

प्राध्यापकांना व मित्रांना माझी एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. यंदा ते एखाद्या जंगलगावात घ्यावे. ग्रामसभेने बोलावले तरच जावे. पुढारी म्हणून जाऊ नये, लेखनिक म्हणून जावे. म्हातारी माणसे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, त्यांना वाचून दाखवावे आणि कागद ग्रामसभेच्या स्वाधीन करून परत यावे.

९ ऑगस्टला नाचायला माझा विरोध नाही. पण आमच्या गावात आज्याच्या वयाची आता चारच माणसे उरली आहेत.