फॅरोच्या शिकवणीला पैसे मोजावेत का?

पत्त्यांचा नवा जोड घ्यायचा. बरोबर मधोमध कापून सव्वीस-सव्वीसचे दोन गठ्ठे करायचे. मग या गठ्ठ्यातला एक पत्ता, त्या गठ्ठ्यातला एक, अशी एकाआड एक गुंफण करत दोन्ही गठ्ठे एकमेकांत सरकवायचे. एकही पत्ता चुकता कामा नये. वरचा पत्ता वरच आणि तळाचा तळाशीच राहील अशा बेताने हे लागोपाठ आठ वेळा जमले, की बावन्नच्या बावन्न पत्ते मूळच्या क्रमाने परत येतात. पाहणाऱ्याला वाटते, जोड चांगला पिसून निघाला.

या पिसण्याला जादूगार ‘फॅरो’ म्हणतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात फॅरो नावाचा जुगार जोरात होता, त्यावरून हे नाव पडले. आज या एवढ्या एका पिसण्याची शिकवणी विकत मिळते. कुठे चित्रीकरण, कुठे पुस्तिका, कुठे समोरासमोरचे ऑनलाइन धडे. किंमत बहुधा डॉलरमध्ये असते, आणि पुण्या-कोल्हापुरातला शिकणारा मुलगा ती रुपयांत मांडून पाहतो तेव्हा दोनदा विचार करतो. करावाच. मात्र ‘एका गुपिताचे एवढे पैसे?’ या प्रश्नापासून तो सुरू झाला, तर उत्तर चुकणार हे नक्की.

कारण फॅरोत गुपित उरलेलेच नाही. जॉन नेव्हिल मास्केलिन यांनी पत्तेचोरांच्या लबाड्या उघड करणारे ‘शार्प्स अँड फ्लॅट्स’ हे पुस्तक १८९४ साली लिहिले, त्यात या पिसण्याचे वर्णन आहे आणि ते पुस्तक आज कोणालाही फुकट वाचता येते. शिकागोच्या एड मार्लो यांनी १९५८ मध्ये फॅरोवर स्वतंत्र पुस्तकच काढले. त्याच दशकात ब्रिटनचे अ‍ॅलेक्स एल्म्सली यांनी त्यातले गणित उलगडले. वरचा पत्ता जोडात हव्या त्या जागी न्यायचा असेल, तर त्याच्यावर किती पत्ते हवेत ती संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहायची. एक आला की वरचा पत्ता आत जाईल असे पिसायचे, शून्य आला की तो वरच राहील असे. सहाव्या जागी न्यायचा तर त्याच्यावर पाच पत्ते हवेत. पाच म्हणजे १०१; म्हणून आत, बाहेर, आत. तीन पिसण्यांत पत्ता सहावा. पर्सी डायकॉनिस, रॉन ग्रॅहम आणि विल्यम कँटर या गणितज्ञांनी १९८३ मध्ये अशा अचूक पिसण्यांवर संशोधन-निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे कृती छापलेली, गणित सिद्ध झालेले, दोन्ही सर्वांसाठी खुले. तरीही शिकवणी विकली जाते आणि जाणकार ती घेतात.

ते काय विकत घेतात, हे हात जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन गठ्ठे दोन हातांत उभे धरलेले आहेत. कोपऱ्याला कोपरा टेकला आहे. बोटांनी अगदी हलका दाब दिला, की त्या कोपऱ्यातले पत्ते एकमेकांत शिरू लागतात आणि तिथून गुंफण चेन ओढल्यासारखी पुढे सरकते. नवशिक्याचे इथेच अडते. पाच-सहा पत्ते शिरतात आणि पुढे सगळे एका ठोकळ्यासारखे घट्ट बसतात. तो जोर वाढवतो. कोपरे दुमडतात, पत्ते वाकतात, जोड खराब होतो. महिनाभर तो आपल्या बोटांना दोष देत राहतो. दोष बहुतेक वेळा बोटांत नसतोच. कारखान्यात मोठ्या कागदावर छापलेले पत्ते पात्याने कापले जातात, तेव्हा कडेला एका बाजूने किंचित उतार राहतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला क्वचित जाणवतो. त्या उताराच्या दिशेने गुंफण सहज होते, उलट दिशेने अडते. जोड उलटा धरून पाहिला, की अडलेली गुंफण लोण्यातून सुरी जावी तशी जाते.

हे एक वाक्य, योग्य वेळी, योग्य माणसाने सांगितलेले. शिकवणीचे पैसे याचे असतात. आणि ते वाजवी आहेत.

पण ‘योग्य वेळी’ हे शब्द महत्त्वाचे. ज्याने जोड हातात धरलेलाच नाही, त्याला उताराची गोष्ट सांगितली तर ती या कानाने येते आणि त्या कानाने जाते. पंधरा दिवस पत्त्यांशी झगडलेल्याला तीच गोष्ट आयुष्यभर पुरते. तबला शिकणाऱ्यांना हे सांगायला नको. एखादा बोल घरी घोटून, तो नेमका कुठे अडतो हे घेऊन विद्यार्थी गुरुजींसमोर बसतो, तेव्हाच गुरुजींचे ‘मनगट सैल ठेव’ कामाला येते. हाताला प्रश्न पडलेला नसताना घेतलेली शिकवणी कपाटात पडून राहते. पत्त्यांच्या जादूत अशी न उघडलेली कपाटे फार आहेत, आणि याचे वाईट वाटते, कारण त्या पैशांत किती तरी जोड आले असते.

प्रश्न आधी हातात असणे म्हणजे काय, ते डाय व्हर्नन यांच्याकडे पाहून कळते. हे नाव या क्षेत्रात आदराने घेतात. जन्म कॅनडातल्या ओटावाचा, १८९४ चा. १९०२ साली शिकागोत निघालेले, ‘एर्डनेस’ या टोपणनावाने लिहिलेले पत्त्यांच्या हातचलाखीचे पुस्तक त्यांनी लहानपणीच अक्षरशः पाठ केले होते. पुस्तकात होते ते सगळे हातात बसले, पण एक कोडे सुटेना. जुगारी हवे ते पत्ते तळाशी ठेवून तिथून वाटू शकतो, पण समोरच्याने जोड कापला की तेच पत्ते मध्यभागी जातात. मधून पत्ता वाटणारा कोणी असेल का? १९३२ मध्ये कॅन्ससच्या विचिटा शहरात तुरुंगात असलेल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याने, असा माणूस आपण पाहिला आहे, असे त्यांना सांगितले. व्हर्नन त्या काळी माणसांच्या कागदी छायाकृती कापून पोट भरत होते. मंदीचे दिवस. तरीही ते शोधत निघाले आणि मिसूरीतल्या प्लेझंट हिल या लहान गावी अ‍ॅलन केनेडी यांच्यापर्यंत पोचले. एका हालचालीसाठी एवढी पायपीट! पण प्रश्न कित्येक वर्षे हातात होता, म्हणून केनेडींचा हात चालताना त्यांना पाहायचे काय ते ठाऊक होते. पुढे १९५९ मध्ये न्यूयॉर्कचा एक चौदा वर्षांचा मुलगा घर सोडून याच व्हर्नन यांच्याबरोबर फिरू लागला. तोच वर उल्लेख आलेला गणितज्ञ, पर्सी डायकॉनिस.

रिचर्ड टर्नर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. लहानपणीच त्यांची दृष्टी जाऊ लागली. तरी पत्ते हाताळण्यात त्यांची गणना जगातल्या मोजक्या लोकांत होते, आणि २०१७ मध्ये त्यांच्यावर ‘डेल्ट’ हा माहितीपटही निघाला. त्यांचेही मार्गदर्शक व्हर्ननच. टर्नर यांना चित्रीकरणाचा काय उपयोग? त्यांनी सगळे मिळवले ते स्पर्शातून, सरावातून आणि ऐकलेल्या शब्दांतून. डोळस शिकणाऱ्यानेही यातून एक गोष्ट घ्यावी. पडद्यावर दिसते ते शिकवणाऱ्याच्या हाताचे माप. आपला पंजा लहान, बोटे आखूड असतील, तर त्याची पकड जशीच्या तशी उचलून चालत नाही. रेकॉर्ड केलेला धडा हे पाहू शकत नाही. समोर बसलेला माणूस पाहू शकतो. म्हणून पैसे मर्यादित असतील तर दहा चित्रीकरणांपेक्षा एक तासाचा जिवंत धडा घ्यावा, मग तो मोबाइलच्या पडद्यावरून का असेना.

दुसरा प्रश्न पैसे कोणाला द्यायचे याचा. कोणीतरी विकत घेतलेले चित्रीकरण पेनड्राइव्हवर किंवा मेसेजमधून फिरत येते, आणि ‘मिळतंय तर घे’ असे होते. हालचाल शोधणाऱ्याला कायदा फार मदत करत नाही. स्वामित्वहक्क शब्दांना, चित्रांना, चित्रीकरणाला मिळतो; युक्तीला मिळत नाही. अमेरिकन जादूगार टेलर यांच्या ‘शॅडोज’ या प्रयोगात फुलदाणीतल्या गुलाबाच्या सावलीवर सुरी चालते आणि खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळतात. तो युरोपातल्या एका कलाकाराने उचलला, तेव्हा टेलर न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये जिंकले. जिंकले ते मूकनाट्य म्हणून नोंदवलेल्या प्रयोगाच्या जोरावर. युक्तीला न्यायालयाने संरक्षण दिले नाही. म्हणजे हालचाल शोधण्यात उमेद खर्चणाऱ्याच्या हाती येते ते फक्त प्रामाणिक गिऱ्हाइकाने दिलेले पैसे. चोरून फिरवलेली प्रत पाहणे म्हणजे त्याच्या घासातला घास काढणे आहे. शिकवणी विकणारा ही हालचाल कोणाची हे सांगतो का, हेही पाहावे. जो नाव घेत नाही, त्याला पैसे देऊ नयेत.

फॅरो प्रत्येकालाच लागतो असेही नाही. लग्नघरात भाच्यांना दोन खेळ दाखवायचे असतील, तर ह्युगार्ड आणि ब्रॉ यांचे ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ वर्षभर पुरेल. आणि घरात मेंढीकोट, झब्बू खेळून कोपरे फुगलेला कॅट असतो, त्यावर तर उस्तादालाही फॅरो जमणार नाही. म्हणून पहिला खर्च जोडांवर करावा, दोन-तीन चांगल्या कागदी जोडांवर. गुळगुळीत प्लॅस्टिकचे नकोत. रोज अर्धा तास द्यावा. गठ्ठे सव्वीस-सव्वीसचे झाले की नाही हे गुंफणच सांगते. शेवटी पत्ते उरले, तर कापणे चुकले.

महिन्याभरानंतरही दहांतल्या चार वेळा गुंफण त्याच कोपऱ्यात अडत असेल, तर शिकवणी घ्यावी. पैसे भरण्याआधी शिकवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात. धड्याच्या वेळी आपण आपलाच जोड वापरू का, आणि सुरुवातीची दहा मिनिटे ते आपले हात नुसते पाहतील का.