मेलबॉक्स कायम खुले नकोत

‘सर्व्हर कंपनीचा, तेव्हा ॲडमिनला सगळे मेलबॉक्स कायम खुले हवेत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला अजिबात पटले नाही. महापे-ऐरोली पट्ट्यात ॲडमिनचेच काम करतो, म्हणून लिहीत आहे. सर्व्हर चालू ठेवणे, बॅकअप घेणे, पासवर्ड बदलून देणे, यांतल्या कशासाठीही कुणाचा पत्रव्यवहार वाचावा लागत नाही. एक्स्चेंजसारख्या ईमेल प्रणालीत एकाच मेलबॉक्सचा ‘फुल ॲक्सेस’ देता येतो, काम झाले की काढता येतो, आणि कोणी काय उघडले याची नोंदही ठेवता येते. कोणी नोकरी सोडून गेले, चौकशी लागली, तर लेखी परवानगीने तेवढेच उघडावे.

कायदा कर्मचाऱ्याला सांभाळतोच, हा त्यांचा भरवसा तर धोक्याचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ परवानगी विचारते ती संगणकाच्या मालकाची किंवा त्याचा ताबा असलेल्याची. मेल लिहिणाऱ्याची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध. म्हणून कंपनीचा लेखी नियमच हवा. कारण कर्मचाऱ्यांच्या मेलबॉक्समध्ये पगाराचे वाद असतात, आजारपणाचे तपशील असतात, लैंगिक छळाची तक्रार असते. कधी ती ॲडमिनविरुद्धच असते.

– एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर, नवी मुंबई