दुधाचे व्रत आणि पुढची वर्षे

'सत्याचे प्रयोग' वर्गात शिकवताना बकरीच्या दुधाचा भाग आला की हशा पिकतो. प्रतिज्ञा घेताना मनात गाय-म्हैसच होती म्हणे, म्हणून बकरी चालली! पळवाटेचा नमुना म्हणून तो भाग हातावेगळा केला जातो. आम्हांस मात्र ती पाने त्या पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ करणारी वाटतात. आज ज्या राहणीला 'व्हीगन' म्हणतात, तिच्याविषयी त्याहून प्रांजळ लेखन आमच्या वाचनात नाही.

गांधींनी १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर कॅलेनबाख यांच्यासह दूध सोडले. कारण ब्रह्मचर्याचे होते, तसेच गाई-म्हशींच्या छळाविषयी कलकत्त्याहून आलेल्या वाङ्मयाचेही. आईच्या दुधाखेरीज माणसाला दुधाची गरज नाही, असे त्यांनी आरोग्यावरील पुस्तकात ठासून मांडले. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी वणवण करताना आमांशाने ते मरणाच्या दारी पोचले, आणि कस्तुरबांनी बकरीची वाट दाखवली.

इथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिच्यानंतरचे कोणी वाचत नाही. शब्द पाळला पण त्यामागचा हेतू मोडला, हे गांधी स्वतःच सांगतात आणि तो सल बाळगूनच दूध पीत राहतात. आपल्या पुस्तकावर विसंबून दूध सोडलेल्यांना ते बजावतात की लाभ होत नसेल तर हट्ट धरू नका. दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सुचवा, अशी विनवणी ते वैद्य-डॉक्टरांना करतात. १९४२ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर पुन्हा लिहिताना तर शाकाहाराला दुधाची जोड हवी, हे अनुभवान्ती मान्य करतात.

'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडला. ज्या बी-१२ जीवनसत्त्वाशिवाय हा आहार वर्षानुवर्षे निभत नाही, ते वेगळे काढता आले १९४८ साली, गांधी गेले त्याच वर्षी. (१९१८च्या दुखण्याचे औषध त्यात होते, असा आमचा दावा नाही.) आज ही राहणी पंधरा-वीस वर्षे जगणाऱ्यांपाशी बी-१२ची गोळी आहे, सोयाबीनचे दूध आहे. तरी सणाच्या पंगतीत पुरणपोळीवरच्या तुपाला नको म्हणताना यजमानाचा चेहरा दर वर्षी नव्याने पाहावा लागतो. असल्या पंधराव्या वर्षाविषयी कोणी लिहीत नाही. आपण वाचतो ती सारी पहिल्या वर्षाच्या उत्साहाची कथने. म्हणून आमचे अध्यापक मित्रांना सांगणे आहे की बकरीचा भाग १९४२च्या त्या लेखनाशेजारी ठेवून शिकवावा. हशा तेव्हाही पिकला तर पिकू द्यावा.