रहाट न थांबवता विहीर बदलणे

विद्यार्थी मित्रहो, 'यंत्रणेच्या सुधारणेसाठी आमची सेवा रविवारी रात्री १ ते ४ या वेळेत बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशा अर्थाची बँकेची सूचना तुम्ही घरातील मोबाइलवर कधी ना कधी वाचली असेल. ती वाचून मोठी माणसे बहुधा कुरकुर करतात. 'एवढे संगणक आले, तरी यांचे काम बंदच!' असे कोणीतरी म्हणते, आणि मग 'किती वेळ बंद?' एवढा एकच प्रश्न विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्न चुकीचा नसला तरी दुय्यम आहे. त्याआधी विचारावयाचे दोन प्रश्न निराळेच आहेत. ते कोणते, हे समजण्यासाठी पडद्यामागे काय चालते ते प्रथम पाहू.

बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, रुग्णालयातील तपासण्या, परीक्षेचे गुण या साऱ्यांच्या नोंदी संगणकात पद्धतशीर मांडून ठेवलेल्या असतात. अशा संग्रहाला डेटाबेस म्हणतात. हा शब्द ऐकून काहीतरी हवेत तरंगणारे डोळ्यांपुढे येते. पण प्रत्येक नोंद शेवटी कोठेतरी चुंबकीय तबकडीवर किंवा अर्धवाहकाच्या चिपमध्ये लिहिलेली असते. ती वस्तू आहे, आणि वस्तूचे सारे भोग तिला आहेत. तबकडी झिजते, जागा भरत येते, वाढत्या कामाला वेग अपुरा पडतो. म्हणून काही वर्षांनी सारा संग्रह नव्या साठवण-यंत्रावर न्यावाच लागतो.

नुसते नेणे सोपे आहे. अडचण अशी की संग्रह जिवंत असतो. तुम्ही त्याची नक्कल करीत असता, त्याच वेळी कोणी पैसे भरतो, कोणी काढतो, कोणी तिकीट रद्द करतो. नक्कल पुरी होईपर्यंत मूळ संग्रह बदललेला असतो. चालू रहाट न थांबवता त्याखालची विहीर बदलण्यासारखेच हे काम आहे.

यावरची युक्ती मात्र आपल्या जुन्या हिशेबनिसांना अपरिचित वाटली नसती. दुकानात दोन वह्या असतात. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने उतरतो, आणि खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर त्याची मांडणी होते. डेटाबेसही असेच करतो. खात्यात बदल पक्का करण्यापूर्वी तो आपल्या रोजकीर्दीत अनुक्रमांकासह नोंद टाकतो. आता समजा, खतावणी नव्या वहीत उतरवावयाची आहे आणि दुकान तर चालूच ठेवावयाचे आहे. प्रथम रोजकीर्दीत आपण कोणत्या क्रमांकावर आहोत ते टिपून ठेवा. मग सावकाश खतावणीची नक्कल करा. नक्कल संपली की टिपलेल्या क्रमांकापासून पुढच्या नोंदी एकेक करून नव्या वहीत चढवा. एखादी नोंद नक्कल करतानाच आली असेल, तर ती पुन्हा चढणार नाही एवढी काळजी घ्या. नाहीतर एकाच जमेचे दोनदा पैसे होतील. अनुक्रमांक असतो तो याचसाठी.

पण नक्कल करणारा मूळ वहीला गाठील काय? येथे थोडे गणित करू. संग्रह १० टेराबाइटचा आहे, म्हणजे १ कोटी मेगाबाइट. नक्कल करण्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबाइट आहे आणि संग्रहात सेकंदाला ५ मेगाबाइट बदल होत आहेत, असे धरा. पहिल्या फेरीला १,००,००० सेकंद, म्हणजे सुमारे २८ तास लागतील. तेवढ्या वेळात ५,००,००० मेगाबाइट बदल साचतील. ते उतरविण्यास ५,००० सेकंद, त्यानंतर साचलेले उतरविण्यास २५० सेकंद, मग साडेबारा सेकंद, मग एका सेकंदाहूनही कमी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या विसाव्या हिश्शाची! ही भूमिती श्रेढी तुम्ही वर्गात शिकला असाल किंवा शिकाल. तिची बेरीज करून पाहा. अनंत फेऱ्या धरल्या तरी एकूण वेळ १,०५,२६३ सेकंदांच्या आसपास, म्हणजे सव्वाएकोणतीस तासच भरतो. अकिलिस आणि कासव यांच्या शर्यतीचे कोडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना येथे जुना मित्र भेटल्यासारखे वाटेल.

यातील कळीची राशी म्हणजे बदलांचा वेग आणि नकलेचा वेग यांचे गुणोत्तर. ते १ पेक्षा जितके कमी, तितका पाठलाग लवकर संपतो. ते १ झाले की पाठलाग कधीच संपत नाही. आणि नकलेचा वेग मनाला येईल तेवढा वाढविता येत नाही, कारण जुन्या तबकडीवरून नक्कल वाचली जात असताना तीच तबकडी गिऱ्हाइकांचीही सेवा करीत असते. नक्कल जोरात चालली की गिऱ्हाईक खोळंबते. म्हणून हे काम कमी वर्दळीच्या वेळी आणि बेताच्या वेगाने करावे लागते. अठ्ठावीस तासांचे काम काही ठिकाणी आठवडाभर चालते, आणि बाहेर कोणाला त्याचा पत्ताही नसतो.

शेवटचा टप्पा मात्र नाजूक असतो. नवी वही जुनीच्या अगदी मागोमाग चालली आहे. आता 'यापुढे हीच खरी वही' असे जाहीर करावयाचे आहे. दोन्ही वह्या क्षणभर जरी एकदम खऱ्या ठरल्या, तर काय होईल? खात्यात ५,००० रुपये आहेत. एका यंत्राने जुनी वही पाहून ४,००० दिले. त्याच क्षणी दुसऱ्याने नवी वही पाहून ४,००० दिले. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही ३,००० रुपयांचा घोटाळा झालेला! तो टाळण्यासाठी जुन्या वहीत लिहिणे थांबवावयाचे, उरलेल्या नोंदी नवीत चढू द्यावयाच्या, मग दार उघडावयाचे. हे थांबणे काही सेकंदांचेही असू शकते. पुष्कळदा त्या सेकंदांत आलेल्या मागण्या रांगेत धरून ठेवतात, त्यामुळे माणसाला फक्त यंत्र जरा संथ झाल्यासारखे वाटते. 'एक क्षणही बंद न ठेवता' या शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो. थांबणे होतेच, ते दिसू दिलेले नसते.

आता माझा पहिला प्रश्न : नक्कल बरोबर उतरली हे तपासले कसे? नोंदींची संख्या जुळली, एवढे पुरेसे नाही. तुमच्या आजोबांना गुणाकाराचा नवाचा ताळा येत असेल. ५४७२ च्या जागी चुकून ५७४२ उतरले, तर तो ताळा चूक पकडीत नाही, कारण दोन्हींतील अंकांची बेरीज १८ च येते. त्याऐवजी पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करा. एकीकडे ४२ येतात, दुसरीकडे ३९. चूक लगेच उघडी पडली! संगणक याहून कितीतरी कडक ताळे वापरतात. संग्रहाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा ताळा दोन्हीकडे काढावयाचा आणि ताडून पाहावयाचा. यालाही वेळ लागतो, आणि घाई झाली की सर्वांत आधी कात्री लागते ती याच वेळेला.

दुसरा प्रश्न : फसले तर परत कसे याल? जाणता तंत्रज्ञ नवी वही खरी ठरल्यावरही जुनी फेकून देत नाही. प्रवाह उलटा करून नव्या वहीतील नोंदी काही दिवस जुन्या वहीत चढवीत राहतो. नव्या यंत्राने दगा दिला, तर जुने यंत्र तयार असते.

हे दोन प्रश्न केवळ पुस्तकी नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संगणक-कंपनीत तंत्रज्ञ मागे पडलेली नक्कल पुन्हा जुळवीत होते. नकलेची जागा रिकामी करावयाची होती. रात्रीच्या धावपळीत रिकामी झाली ती मूळ संग्रहाची. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले. राखीव प्रती असतीलच, असे सर्वांना वाटत होते. शोधू गेल्यावर आढळले, की रोज निघणारी प्रत निघतच नव्हती आणि ती निघत नसल्याचे इशारेही कोणापर्यंत पोचत नव्हते. एका तंत्रज्ञाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच. कंपनीने ही सारी हकीकत स्वतःहून प्रसिद्ध केली, हे तिला शोभून दिसले. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच, हा धडा त्यामुळे जगाला मिळाला.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे. तिची खाती पूर्वीच्या मालकीच्या, म्हणजे लॉइड्झ बँकेच्या यंत्रणेवर होती. एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी ती नव्या यंत्रणेवर नेण्यात आली. सेवा आगाऊ सूचना देऊन बंद ठेवली होती. माहितीही नव्या जागी नीट पोचली. पण दार उघडताच नवी यंत्रणा कोलमडली. माणसांना आपल्या खात्यात शिरता येईना, तर काहींना भलत्याचेच खाते दिसू लागले. बँकेचे ग्राहक होते ५२ लाख. सारे सुरळीत होण्यास डिसेंबर २०१८ उजाडला. बँकेने ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. बहुतेक सारे काम एकाच झटक्यात उरकले गेले होते, आणि खऱ्या वर्दळीचा भार नवी यंत्रणा पेलेल काय, याची चाचणी अपुरी होती. म्हणजे पाहा, दोन दिवस बंद ठेवूनही भागले नाही! बंदचा वेळ कमी की जास्त, यावरून कामाचा दर्जा कळत नाही तो असा.

कोणी म्हणेल, ही तंत्रज्ञांची डोकेदुखी आहे, आम्हाला काय त्याचे? पण ज्याचा पगार खात्यात अडकतो, त्याच्या घरी त्या दिवशी किराणा येत नाही. रुग्णालयात जुनी नोंद उघडली नाही, तर औषध देणारा अंधारात असतो. म्हणून बंदची वेळ वापरणाऱ्यांची सोय पाहूनच ठरली पाहिजे, आणि रुग्णालयासारख्या ठिकाणी ती शक्य तितकी शून्याजवळच असली पाहिजे, हे मला मान्य आहे. रेल्वेचे आरक्षण मध्यरात्रीच्या सुमारास काही वेळ बंद असते, ते आपण निमूट स्वीकारले आहेच. माझे म्हणणे एवढेच, की बंदच्या मिनिटांवरून आपण ओरड केली, तर संस्था मिनिटे वाचविण्यासाठी तपासणी आखडती घेतील. आपण जे मागू, तेच आपल्याला मिळेल.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गाची हजेरीची वही घ्या. एका गटाने तिची नक्कल करावी. त्याच वेळी दुसऱ्या गटाने मूळ वहीत बदल करीत राहावे आणि प्रत्येक बदल अनुक्रमांकाने रोजकीर्दीत टिपावा. शेवटी तिसऱ्या गटाने दोन्ही वह्यांचा ताळा पाहावा. एका तासिकेत मुलांना जे कळेल, ते व्याख्यानाने कळणार नाही. आपल्या प्रयोगवह्यांत निष्कर्षाला गुण असतात. तो निष्कर्ष कसा पडताळला, यालाही गुण ठेवता येतील.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या अशाच यंत्रणा सांभाळणार आहेत. त्या रात्री वरिष्ठ विचारतील, 'किती वेळात होईल?' तेव्हा वेळ जरूर सांगा. पण त्याच्या जोडीला, ताळा कसा पाहणार आणि परत कसे येणार, हेही न विचारता सांगा.