सहा रोगांवर एक सुई. पण संमतीपत्र कोणत्या भाषेत?

बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात बाळ दीड महिन्याचं झालं की पेंटाव्हॅलंट लस ठरलेली. एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाचांपासून संरक्षण. दीड, अडीच, साडेतीन महिने हे वेळापत्रक लातूर-सोलापूरकडेही तेच. पोलिओची लस मात्र वेगळी. तीही त्याच सुईत आणणाऱ्या हेक्झाव्हॅलंट लशींवर पुण्याची सीरम, हैदराबादची शांता या कंपन्यांनी काम केलं आहे.

सगळ्या लशी आधीच सिद्ध आहेत, मग एकत्र केल्यावर पुन्हा चाचणी कशाला? कारण मिश्रण म्हणजे नुसती बेरीज नव्हे. एक घटक दुसऱ्याचा जोर कमी करू शकतो. उदाहरणार्थ, लस खराब होऊ नये म्हणून वापरलं जाणारं थायोमर्सल हे द्रव्य पोलिओच्या इंजेक्शनची ताकद घटवतं.

म्हणून बाळांचे गट पाडतात. एका गटाला नवी लस, दुसऱ्याला आधीपासून चालत आलेल्या लशी. म्हणजे दुसऱ्या गटातली बाळंही लशीविना राहत नाहीत. शेवटच्या डोसनंतर साधारण महिन्याने रक्त तपासून प्रतिकारशक्ती ताडून पाहतात. ताप, सूज यांचीही नोंद होते.

विज्ञान इतकं सरळ आहे. अडचण सहीपाशी येते. 2010 मध्ये खम्मम जिल्ह्यातला मुलींच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प थांबवावा लागला. अनेक अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

2019 च्या नियमांनुसार माहिती पालकांना समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि मधूनच बाहेर पडण्याची मुभा.

औराद, भालकी, आळंदच्या मराठी घरांसाठी हाच कळीचा मुद्दा. सरकारी कागद कन्नडमध्ये, मोठा दवाखाना हैदराबादला, तिथला कागद तेलुगू किंवा इंग्रजीत. ‘इथं सही करा’ म्हटलं की सही, असं चालणार नाही. मराठी संमतीपत्र मागणं म्हणजे कुणाची मेहरबानी मागणं नव्हे, तो हक्क आहे.

मात्र एक गल्लत नको. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळणारी नेहमीची लस म्हणजे चाचणी नव्हे. चाचणीला ‘नाही’ म्हटलं तरी ती लस मिळतेच. ती चुकवू नये.