मदत मागावी लागते

‘वणवा पेटला की अमेरिकेत सरकारच दारात येते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. ७ जानेवारी २०२५ रोजी संध्याकाळी लॉस एंजेलिसजवळ ईटनची आग लागली. तिथल्या पश्चिम अल्टाडेना या भागाला घरे सोडण्याचा आदेश मिळाला तो पहाटे तीननंतर. या आगीतले बहुतेक बळी त्याच भागातले. म्हणून धूर दिसताच, आदेशाची वाट न पाहता निघावे. ‘वॉच ड्यूटी’ अ‍ॅपवर आग कुठवर आली ते कळते. २११ या फोन क्रमांकावर निवाऱ्याची माहिती मिळते.

पुढची मदतही अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. ‘फेमा’ या अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेची रोख मदत एच-१बी व्हिसावरच्या आपल्या लोकांना मिळत नाही, पण घरात अमेरिकी नागरिक असलेले अल्पवयीन मूल असेल, तर त्याच्या वतीने अर्ज करता येतो. तातडीचा निवारा, अन्न आणि समुपदेशन यांना व्हिसाची अट नाही. विम्याचा दावा आधी करावा आणि कंपनीचे उत्तर जपून ठेवावे. ‘फेमा’चा नकार आला तरी खचू नये, अनेकदा एखादा कागदच कमी असतो आणि ६० दिवसांत अपील करता येते.

ज्यांची मुले-नातवंडे कॅलिफोर्नियात आहेत, त्यांनी हे त्यांना आजच कळवावे.

– एक वाचक, पुणे