नेपाळची दहा मिनिटे

गेल्या हिवाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता गोरखपूरला गेलो होतो. माझे साडू तेथे बदलीवर आहेत. सकाळी प्रवासी बसने निघायचे, सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात शिरायचे, लुंबिनी पाहायची, भैरहव्याच्या बाजारात थोडी खरेदी करायची आणि रात्री जेवायला घरी परतायचे, असा बेत त्यांनी आधीच आखून ठेवला होता. आदल्या रात्री कापडी पिशव्यांच्या घड्या घालता घालता आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, "पण तिकडून आणायचे काय?" साडू, मेहुणी आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. एकही वस्तू कोणाला सुचेना.

हाच प्रश्न १९८३ साली ग्वाल्हेरच्या लष्करातील आमच्या गल्लीत कोणी विचारला असता, तर विचारणाऱ्याच्या बुद्धीची लोकांना कीव आली असती. त्या वर्षी गल्लीतल्याच एका उत्साही गृहस्थांनी बस ठरवली. यात्रा पशुपतिनाथाची, पण प्रत्येक घराने बरोबर दिलेली यादी काठमांडूच्या न्यू रोडची! तीन घड्यांची छत्री, चिनी फाउंटन पेन, जपानी जॉर्जेट, थर्मास, कोऱ्या कॅसेटी. आणि ज्यांची ऐपत होती त्यांच्या यादीत शेवटी, जणू काही आठवले म्हणून लिहिल्यासारखा, टेपरेकॉर्डर. देवाच्या नावाने फक्त रुद्राक्ष होता. बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून आईबरोबर मी गेलो. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमच्यासोबत माझी आत्या होती. तिच्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते आणि जावयाला सिकोचे घड्याळ द्यायचे, असे तिने तिकडे कबूलही करून टाकले होते.

आजच्या मुलांना हे वेड समजावून सांगणे कठीण जाते. त्या काळी परदेशी वस्तू आपल्याकडे आणायची तर परवाना लागे आणि जकात जबर बसे. नेपाळात ती हलकी होती. गंमत अशी, की नेपाळला समुद्र नाही. बोटीने येणारा त्यांचा पुष्कळसा माल कलकत्त्याच्या बंदरात उतरे, पारगमनाच्या करारानुसार मोहोरबंद होऊन बंगाल-बिहार ओलांडी, रक्सौलवरून वीरगंजला जाई, डोंगर चढून काठमांडूला पोहोचे आणि तेथून आमच्यासारख्यांच्या वळकटीत बसून पुन्हा हिंदुस्थानात येई. साठीच्या दशकात तर नेपाळात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने निघाले ते मुख्यतः हिंदुस्थानातील गिऱ्हाइकासाठी. पत्रा परदेशचा, कारखाना नेपाळचा आणि फोडणी आमच्या घरची!

ग्वाल्हेरकरांना नेपाळ परका वाटत नसे, हेही खरे. राजमाता विजयाराजे यांचे आजोळ राणा घराण्याचे, आणि १९६६ साली माधवराव शिंद्यांचा विवाह झाला तोही त्याच घराण्यातील कन्येशी. त्यामुळे "आपल्या व्याह्यांचा मुलूख" असे आमच्या बसमधील म्हातारी मंडळी थाटात म्हणत. पण त्याही आधी मराठी माणसे त्या वाटेने गेली होती, हे मला पुढे एम.ए. करताना समजले. सत्तावन्नचा उठाव मोडल्यावर नानासाहेब पेशवे तराईच्या रानात शिरले आणि त्यांचा पुढचा ठाव इतिहासाला नीट लागलाच नाही. त्यांच्या घरातील स्त्रियांना जंग बहादुराने काठमांडूत आश्रय दिला. पेशव्यांच्या जवाहिरातील काही रत्नेही त्याच्याकडे गेली. ज्या गावात त्या बायकांचे दागिने गेले, त्याच गावात सव्वाशे वर्षांनी आमच्या बायका छत्र्यांचा भाव करीत होत्या.

झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असे करीत दोन दिवसांनी आम्ही सीमेवर पोहोचलो. पलीकडे बुटवल, नारायणघाट आणि मग त्रिशूलीच्या काठाने वर. वाटेतील वांत्या आणि थंडी यांचे वर्णन करीत नाही. तराईतून डोंगरात ज्यांनी बसने प्रवास केला आहे त्यांना ते ठाऊक आहे. पशुपतिनाथाचे दर्शन तासाभरात उरकले. न्यू रोडला मात्र दीड दिवस लागला. प्रत्येक दुकानात राजा बीरेंद्र आणि राणी ऐश्वर्या यांची तसबीर, तिच्याखाली काचेच्या कपाटात घड्याळे आणि कॅमेरे. पाट्या देवनागरीत, त्यामुळे मी त्या मोठ्याने वाचीत चाललो होतो. दुकानाला 'पसल' आणि भावाला 'भाउ'! आईला कोणी 'दिदी' म्हणे, कोणी 'बहिनी'. इंद्रचोकात काचमण्यांच्या माळांचा बाजार आहे. तिकडच्या सवाष्णी गळ्यात हिरव्या-लाल मण्यांचे पदर घालतात आणि त्यांना 'पोते' म्हणतात. आई तेथे थबकली. "अरे, ही तर आपली पोत," ती म्हणाली आणि एक हिरवी माळ घेतली. त्याखेरीज तिने घेतली ती एक छत्री. तिच्याजवळ पैसेच तेवढे होते.

आत्याने घड्याळ घेतले. दुकानदाराने आपल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ते मिळवून दिले आणि डबी वेगळी बांधून दिली.

परतीच्या वाटेवर, सीमा तासाभरावर आली असता, बस एका झाडाखाली थांबली. त्या उत्साही गृहस्थांनी उभे राहून सूचना दिल्या. नवे कपडे अंगात घाला, छत्र्या वळकटीत, कॅसेटी तांदळाच्या पिशवीत, थर्मासात चहा भरून ठेवा. पुढचा अर्धा तास बसमध्ये जी लगबग चालली होती तशी मी लग्नघरातच पाहिली आहे. सगळे हसत होते. आत्याने घड्याळ माझ्या मनगटावर बांधले. पट्टा सैल होता, म्हणून ते कोपराजवळ सरकवून वर स्वेटरची बाही ओढली. "कोणी विचारलेच तर बाबांचे जुने आहे म्हणून सांग हो, राजा," ती म्हणाली. आई खिडकीतून बाहेर पाहत होती. तिने ऐकले, पण ती काही बोलली नाही.

आपल्या बाजूच्या नाक्यावर एक वयस्क अधिकारी बसमध्ये चढले. दोन-चार पिशव्या त्यांनी वरवर चाचपल्या आणि ते उतरायला निघाले. तेवढ्यात ते घड्याळ घसरून माझ्या पंजावर आले. ते थांबले. त्यांनी दटावले नाही की काही नाही. नुसते विचारले, "कितने बजे हैं, बेटा?"

वेळ सांगण्यात कसली लबाडी? मी मोठ्या ऐटीत सांगितले, "सवा पाँच."

त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिले. तेथे पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. नेपाळचे घड्याळ त्या काळी आपल्यापेक्षा दहा मिनिटे पुढे असे. १९८६ सालापासून ते पंधरा मिनिटे पुढे आहे. वळकट्या, तांदूळ, थर्मास, सगळ्यांची तयारी झाली होती. काटे मागे घ्यायचे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

"किसकी है?"

"बाबांची," मी मराठीतच म्हणालो. माझे कान तापले होते. त्यांनी आईकडे पाहिले. आत्याने तिचा हात दाबलेला मला दिसला. आई उभी राहिली आणि म्हणाली, "नई है. परसों ली है. बच्चा झूठ बोल रहा है, उसे हमने सिखाया है."

यापुढचे मी अनेकदा मनात उलगडून पाहिले आहे. गोष्टीच्या पुस्तकात असता तर त्या अधिकाऱ्यांनी आईच्या सत्यनिष्ठेवर प्रसन्न होऊन बस सोडून दिली असती. त्यांनी तसे केले नाही. सारी बस खाली उतरवली. कंदिलाच्या उजेडात तीन तास झडती चालली. घड्याळावर जी जकात बसली ती ऐकून आत्या मटकन खाली बसली. लग्नासाठी शालू घ्यायचे ठेवलेले पैसे तिने पदराच्या गाठीतून सोडवून दिले, पावती घेतली आणि ग्वाल्हेर येईपर्यंत आईशी अवाक्षर बोलली नाही. ती तेवढे एकच वाक्य बोलली, आणि तेही घरी पोहोचल्यावर बाबांच्या देखत: "तुझ्या खरेपणाची जकात माझ्या लेकीच्या लग्नातून गेली."

पण मला अधिक लागली ती दुसरीच गोष्ट. आमच्या गल्लीत पापड लाटून उदरनिर्वाह करणाऱ्या एक विधवा बाई बसमध्ये होत्या. विकून प्रवासाचे भाडे निघावे या हिशेबाने त्यांनी सहा छत्र्या घेतल्या होत्या. जकात भरायला त्यांच्याजवळ काही नव्हते. पाच छत्र्या नाक्यावरच राहिल्या. त्या रडल्या नाहीत, कोणाला बोलल्या नाहीत. उरलेली एक छत्री मांडीवर आडवी धरून बसून राहिल्या. आईने आपली छत्री त्यांना देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. पुढे त्या बाई असेतो आईने पापड दुसरीकडून घेतले नाहीत. घरात खाणारी तोंडे कमी होत गेली, तरी दर उन्हाळ्यात तेवढेच पापड येत आणि डबे भरभरून शेजारीपाजारी जात.

आई बरोबर वागली का? तिला मी एकदा विचारले होते. "मला तुझा चेहरा बघवेना," एवढेच ती म्हणाली. शाळेत प्रवेशाच्या दिवसांत मुलाचे वय खोटे सांगणारा बाप आणि त्याच्या शेजारी मान खाली घालून उभे असलेले पोर टेबलासमोर आले, की मला तो कंदील आठवतो. आणि अशा बापाशी मला कठोरपणे बोलता येत नाही, हा माझ्या मुख्याध्यापकीतील एक दोषच म्हणावा लागेल.

आणि ज्याच्यासाठी हे रामायण घडले, त्या घड्याळाचे काय झाले? १९९१ नंतर परवान्यांचे दिवस संपत गेले, हळूहळू जकातीही उतरल्या आणि सिको चौकातल्या दुकानात मिळू लागले. जावईबापूंनी ते कधीच काढून ठेवले आहे. आत्या-आईचे बोलणे चार वर्षांनी, बाबांच्या आजारपणात सुरू झाले.

तर गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या नाक्यावर उभा होतो. बसचा भन्सार, म्हणजे तिकडचा सीमाकर, भरून होईपर्यंत आम्ही कमानीखाली पाय मोकळे करीत होतो. साडूंच्या मोबाइलने आपोआप पंधरा मिनिटे पुढे उडी घेतली. आता काटे विसरण्याची सोय राहिली नाही. वाहतूक मात्र उलटी झाली आहे. सोनौलीच्या बाजारातून पिशव्या भरभरून पलीकडे निघालेल्या होत्या त्या नेपाळी बायका: साखर, तेल, चपला, प्रेशर कुकर. आपला रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून कायम आहे. २०२३ साली त्यांच्या सरकारने शंभर नेपाळी रुपयांवरील मालाला जकात लावण्याचा नियम कडकपणे अमलात आणला, तेव्हा तराईत बराच गदारोळ झाला. शंभर म्हणजे आपले साडेबासष्ट! तेवढ्यात आज एक किलो चहाही येत नाही. बेलहियाच्या बाजूला एका बाईची पिशवी शिपायाने उघडायला लावली होती. तिच्याजवळ आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या पायांत कोरे करकरीत बूट होते. तो एका पायाने दुसऱ्या पायावरचे कोरेपण धुळीने पुशीत होता. मी तेथून दूर झालो.

भैरहव्याच्या बाजारात घेण्याजोगे फारसे नव्हतेच. छत्र्या, बॅटऱ्या, खेळणी, सगळे आपल्या गल्लीत मिळते तेच. दुकानांतून राजा-राणीच्या तसबिरी गेल्या आहेत. २००८ साली राजेशाहीच गेली. मेहुणीने पाल्पाकडे विणलेल्या ढाका कापडाची एक शाल घेतली. खरोखर तिकडचे म्हणावे असे तेवढेच. मी एका टपरीवर हिरव्या पोत्याची माळ पाहिली आणि घेतली. आईच्या माळेचे मणी केव्हाच ओघळून गेले, आणि आई जाऊनही आता नऊ वर्षे झाली. ही कोणासाठी घ्यावी, हे घेताना ठरले नव्हते.

ग्वाल्हेरला परतल्यावर ती आत्याला नेऊन दिली. नव्वदीला आली आहे. ऐकू कमी येते, दिसतेही बेताचेच. कोठून आणली ते मी तिला दोनदा ओरडून सांगितले. तिने माळ बोटांनी चाचपली, मणी गालाला लावून पाहिले आणि बराच वेळ गप्प बसली. मग माझ्या मनगटाला हात घालून, घड्याळ नेमके कोठे आहे ते चाचपीत तिने विचारले, "नाक्यावर दाखवलीस ना रे?"